आनफिनच्या मयताची बियर

गीरीने बाही वर सारली आणि उजवं कोपर पिंपात बुडवलं. ओठांतल्या ओठांत सातपर्यंत मोजलं, कोपर बाहेर काढलं आणि एप्रनला पुसलं.

"अजून चटका बसतोय," ती म्हणाली.

"तुझ्या कोपराला काय कळतंय!" आतल्या खाटेवरून आनफिनचा आवाज आला. "माझ्या आईचं कोपर होतं कोपर. तिला नुसतं दारातून पाहून कळायचं."

"मग बोलाव तुझ्या आईला. नाहीतरी तिकडेच निघाला आहेस ना?"

आत खाट करकरली. तो हसत होता की खोकत होता, कळेना. उंबऱ्याशी आंब्योर, त्यांची सून, पोराला कडेवर घेऊन उभी होती. अशा वेळी हसावं की हसू नये हे तिला लग्नाला चार वर्षं झाली तरी उमगलेलं नव्हतं. तिने पोराच्या टाळूत तोंड लपवलं.

गीरी उकळत होती ती आनफिनच्या मयताची बियर. समुद्रापलीकडे, आमच्या वॉसच्या खोऱ्यात बियरशिवाय माणूस पुरत नाहीत. शवपेटी उचलायला सहा गडी, चार शब्द बोलायला पाद्री आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात बियरचा वाडगा, एवढं झालं की माणूस रीतसर गेला. नाहीतर कुत्रंही मरतंच. आणि देवाने जाणाऱ्याला थोडी सवड दिली, तर बियर तो जिवंत असतानाच करायची आणि पहिला घोट त्यालाच द्यायचा. आपल्या मागे लोक काय पिणार आहेत, हे माणसाला कळलेलं बरं.

विस्कॉन्सिनच्या या तळ्याकाठी येऊन त्यांना तिसरं वर्ष चाललं होतं. जुलैपासून आनफिनला एकाआड एक दिवस हुडहुडी भरून ताप यायचा. आधी तो खाट हलवायचा, इतका थरथरायचा. आता सप्टेंबर संपत आला होता आणि तो ओल्या धुण्यासारखा पडून असायचा. मुलगा हालस्टाइन पैसे जोडायला दूर शिशाच्या खाणीत गेला होता, तो हिवाळ्यापर्यंत येणार नव्हता. रविवारी आनफिनने विचारलं होतं, "गीरी, मोडाचे जव आहेत ना गं?"

"आहेत," गीरी म्हणाली होती. मग गोठ्यात जाऊन गाईच्या पोटाला कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली होती. एकेचाळीस वर्षं या माणसाशी भांडण्यात गेली होती. तो नसला तर सकाळी उठून बोलायचं कुणाशी, हे तिला सुचत नव्हतं. आणि तिला भीती वाटत होती, साधी लहान मुलासारखी भीती. पण त्याने मागितलंय ते त्याला मिळालं पाहिजे, एवढं मात्र तिने गाईजवळ पक्कं केलं. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या दीड गोणीतून एक गोण बाहेर काढली. बियरला वास यायला लागतात त्या डोंगरातल्या जुनिपरच्या डहाळ्या इथे कुठल्या मिळायला? तळ्याकाठी तसाच वास येणारं एक झाड होतं, त्याच्या डहाळ्या तिने आणल्या.

तिसऱ्या वेळी कोपर पिंपात राहिलं. दहापर्यंत मोजूनही पोळलं नाही. मग गीरी शिडीवरून पोटमाळ्यावर चढली आणि आढ्याला टांगलेली साखळी घेऊन उतरली.

साखळी लाकडाची होती. बर्चच्या एकाच ओंडक्यातून कोरलेल्या, एकमेकींत अडकलेल्या एकवीस कड्या. बियर फसफसायला लागली की तिच्या फेसात ती बुडवायची, विरजण कड्यांच्या फटींत जाऊन बसतं, मग टांगून वाळवायची, ती पुढच्या खेपेपर्यंत. गीरीच्या पणजीने ती वापरली होती. जहाजावर अकरा आठवडे ती गीरीच्या चोळीखाली, अंगाला चिकटून होती. वादळात पेट्या भिजल्या, पीठ भिजलं, बायबल भिजलं, साखळी भिजली नाही. पोटच्या पोराला जपलं नसेल इतकं जपलंस, असं आनफिन म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं.

तिने साखळी अलगद पिंपात सोडली, छाती भरून हवा घेतली आणि ओरडली.

पोर दचकून रडायला लागलं. तळ्यावरची बदकं फडफडत उठली. विरजण घालताना ओरडावंच लागतं आणि जीव खाऊन ओरडावं लागतं. पुटपुटत घातलेलं विरजण पुटपुटणारी बियर देतं. शिवाय शेजारपाजारी कळतं की अमक्याकडे बियर लागली. इथे शेजार म्हणजे चार मैलांवर एक यांकी गिरणीवाला, आणि तो व्हिस्की पिणारा. त्याला काय कळणार, कप्पाळ!

"हां," आतून आनफिन म्हणाला. "ही माझी बायको."

सकाळी गीरीने झाकण उचललं. बियर कशी असायला हवी होती? एव्हाना साईसारखा जाड फेस यायला हवा होता, कान लावला तर आत कुजबुज ऐकू यायला हवी होती. पिंपातलं पाणी भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखं सपाट होतं. तिने झाकण ठेवलं. तासाने पुन्हा उचललं. दुपारी साखळी वर काढून नाकाशी नेली. वास पिकल्या फळाचा यायला हवा होता, तो येत होता जुन्या पेटीचा.

तिने पोटमाळ्याकडे पाहिलं. तिच्या आईने साखळी पोटमाळ्यावर टांगली, आजीने टांगली, म्हणून तिनेही टांगली. आमच्या खोऱ्यात पोटमाळ्याइतकी थंड आणि कोरडी जागा दुसरी नसते. इथे जुलैत त्या पोटमाळ्यावर मेणबत्त्या आपोआप वाकल्या होत्या. मेणबत्त्या तिने खाली आणल्या. साखळी आणायचं डोक्यात आलं नाही, कारण साखळीची जागा तीच.

गीरी स्टुलावर बसली.

"मेलं," ती हळूच म्हणाली. "विरजण मेलं, आंब्योर. आता काय तोंड दाखवू मी त्याला?"

आमच्या खोऱ्यात हे काहीच नव्हतं. विरजण बिघडलं की भांडं घेऊन शेजारी जायचं. विरजणाला नाही म्हणत नाहीत. दोन घरांचा कुंपणावरून वीस वर्षं कज्जा चालू असेल, बायका एकमेकींना चर्चमध्ये पाठ दाखवत असतील, तरी विरजण इकडून तिकडे जायचंच. भांडण कुंपणाचं, विरजणाचं नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पण शेजारीण असायला हवी ना! इथे भांडं घेऊन जायचं कुठे?

आंब्योरने पोराला खाली ठेवलं. त्याच्या हातात लाकडी चमचा दिला. मग तिने दोन्ही हात एप्रनखाली घेतले.

"आई, एका घरी आहे."

"कोणाच्या?"

"दोन वर्षांपूर्वी पावसात एक गाडी थांबली होती बघा आपल्याकडे. टेलेमार्कची माणसं."

गीरीचे हात मांडीवर होते तसेच राहिले. ती गाडी ती विसरली नव्हती. पहिल्याच शरदात, इथे केलेल्या पहिल्या बियरच्या दुसऱ्या दिवशी ती आली. लाल भरतकामाचं जाकीट घातलेली एक उंच बाई भिजत दारात उभी राहिली. आमचं विरजण जहाजात बुरसलं, थोडं मिळेल का, असं तिने विचारलं होतं. घरभर फेसाचा वास सुटलेला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. "कुठल्या खोऱ्यातले?" गीरीने विचारलं. "टेलेमार्क," बाई म्हणाली. आणि गीरी "नाही" म्हणाली.

टेलेमार्कचे लोक नाचताना सुरे काढतात, चर्चमध्ये नाकातून गातात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण खरं कारण ते नव्हतं. साखळी नवी नवी समुद्रापार आली होती, एकदाच जागी झाली होती. दिली तर तिचा जोर जाईल की काय, या भीतीने गीरी नाही म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा विरजणाला नाही. त्या दिवसाबद्दल ती आनफिनशीसुद्धा बोलली नव्हती.

"मी दिलं त्यांना," आंब्योर म्हणाली.

"काय दिलंस?"

"तुम्ही गाईला पाणी दाखवायला गेला होतात. मी फडक्याची पट्टी फेसात बुडवली आणि कुंपणापाशी जाऊन त्या बाईला दिली. आस्लाउग नाव तिचं. ते पश्चिमेच्या माळावर राहिलेत, वीस मैलांवर. आपले हे खाणीला जाताना एक रात्र त्यांच्याकडे उतरले होते."

"माझ्या पाठीमागे."

"हो, आई."

"माझ्या घरात, माझ्याच पिंपात हात घालून."

"हो."

"चोरटी!" गीरी ताडकन उठली. स्टूल कलंडलं. "दोन वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवतेस आणि..."

"चोरटीला शिव्या नंतर दे," आतून आवाज आला. "आधी तिचे पाय धर."

भिंतीला कान असतात म्हणतात. या घराच्या भिंतीला तर खाटच लावलेली होती. गीरी दारात जाऊन उभी राहिली. आनफिन पांढरी दाढी रजईवर पसरून छताकडे पाहत होता.

"सगळं ऐकलंस?"

"मरतोय मी, बहिरा नाही झालो." त्याने मान वळवली. "तू त्यांना नाही म्हणालीस, गीरी?"

तिने त्याची रजई सारखी केली.

"विरजणाला?"

"हो रे बाबा, हो!" तिचा आवाज फाटला. "म्हणाले. भ्याले मी. झालं समाधान?"

आनफिनने मान पुन्हा छताकडे वळवली. मग म्हणाला, "दोन दिवस थांबतो. त्यापुढचं सांगता येत नाही."

"मी जाते," आंब्योर मागून म्हणाली. "पोराला पाठीला बांधते आणि..."

"तू कशाला?" गीरी खुंटीवरची शाल ओढत म्हणाली. "ज्या तोंडाने नाही म्हटलं, त्याच तोंडाने मागायला हवं. ते तोंड माझं आहे."

पहाटे ती निघाली तेव्हा तळ्यावर धुकं होतं. इथे आल्या दिवशी हेच तळं पाहून आनफिनने टोपी काढली होती. त्याच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या जंगलातलं सरपण मागून आणलं होतं, दुसऱ्याच्या तळ्यात जाळं टाकलं की अर्धे मासे मालकाला दिले होते. आता काठावरचा प्रत्येक ओक त्याचा, पाण्यातला प्रत्येक मासा त्याचा. माळावरची जमीन कुणी स्वस्तात दाखवली तेव्हा तो हसला होता. जिथे झाड उगवत नाही, तिथे माणूस काय उगवणार? झाडंझुडं आणि पाणी जवळ असलं की घर, एवढंच आम्हा डोंगरातल्या माणसांना कळत होतं. या देशातल्या साचल्या पाण्याकाठी ताप राहतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. साठी ओलांडल्यावर त्याने एकट्याने चाळीस झाडं पाडून हे घर उभं केलं होतं, आणि एकाही ओंडक्याच्या सांध्यात सुरीचं पातं शिरत नव्हतं.

साठीची गीरी दुपारपर्यंत जंगलातून चालली. मग झाडं संपली आणि एकदम सगळं आभाळच झालं. तिला उघड्यावर कपडे काढल्यासारखं वाटलं. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी झालेली शेतं होती आणि गंजी तिच्या गोठ्यापेक्षा उंच होत्या. कुंपणावर बसलेली चार मुलं तिला पाहून हसली. त्यांचे गाल लाल होते. अंगणात एक उंच बाई मळणी करत होती. मुसळासारखा दांडका वर गेला आणि तिथेच थांबला.

"तळ्यावरची," आस्लाउग म्हणाली.

"तीच," गीरी म्हणाली. वीस मैल तिने वाक्य जुळवलं होतं. ते आता कुठल्या कुठे गेलं. "माझा नवरा मरायला टेकलाय. माझं विरजण मेलं. थोडं मिळेल का?"

आस्लाउगने दांडका खाली ठेवला. कुठल्या खोऱ्यातली, वगैरे काही विचारलं नाही. हातावरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "आत या. पाय बघा तुमचे. आधी बसा."

घरात तिने पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं, पातळ कडक भाकरी आणि आंबट दूध ठेवलं. मग तळघरात उतरली आणि गवताच्या वेणीचं एक कडं घेऊन वर आली. त्यावर वाळलेल्या विरजणाच्या पांढुरक्या खपल्या होत्या. गीरीने ते नाकाशी नेलं. पिकल्या फळाचा वास. तिचा स्वतःचा, तिच्या आईच्या घरचा वास. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"याला काय म्हणतात ठाऊक आहे?" आस्लाउग बाकावर टेकत म्हणाली. "गीरीचं. या माळावर सहा घरी गेलंय, आणि पुढे नदीपलीकडे गाड्या गेल्या त्यांच्याबरोबर आणखी किती घरी, देव जाणे. सगळे म्हणतात, गीरीचं विरजण आहे का? गीरीचं लवकर उठतं."

"माझं नाव?"

"तुमच्या सुनेने सांगितलं ना. म्हणाली, सासूबाईंनी पाठवलंय. तोंडाने फटकळ आहेत पण मनाने तशा नाहीत, म्हणाली."

गीरीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. चूप बसायला किती सोपं होतं! डोकं हलवायचं, दूध प्यायचं, कडं घेऊन निघायचं. सहा घरी आणि नदीपलीकडे तिचं नाव चांगलं होतं आणि ते कुणी काढून घेणार नव्हतं.

"मी नव्हतं पाठवलं," ती म्हणाली. "तिने चोरून दिलं. मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

"ते ठाऊक आहे मला," आस्लाउग म्हणाली. "सुना काय आमच्यात नसतात, मावशी? कुंपणापाशी पोरगी लटलट कापत होती. सासूने पाठवलेली सून अशी कापते होय?"

"मग माझं नाव कशाला लावलंत?"

"तिचं लावलं असतं तर कधी ना कधी तुमच्या कानावर आलं असतं आणि तुम्ही पोरीला घराबाहेर काढलं असतंत." आस्लाउगने खांदे उडवले. "म्हटलं, असू दे खोटं. खोटं बोलायला पैसे पडत नाहीत."

गीरीला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. तिने खाली पाहिलं.

"त्याच हिवाळ्यात माझा नवरा गेला," आस्लाउग म्हणाली. आता तिचा आवाज साधा होता. "झाडाखाली सापडला. एवढ्या माळावर एकच झाड पाडायला गेला होता, छपराला हवं म्हणून. जमीन गोठलेली, पाद्री नाही, माणसं तीस-तीस मैलांवरून आलेली. पण बियर होती. सगळ्यांना पुरली. तो रीतसर गेला, मावशी. तेवढं झालं."

गीरीने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. मग आस्लाउगने सुरी घेतली आणि गवताच्या कड्याचे दोन तुकडे केले. मोठा गीरीपुढे ठेवला.

"मयताला मी येणार," ती म्हणाली. "आम्ही सगळेच येऊ. गीरीचं घर बघायचंय सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी गीरी जंगलातून बाहेर आली ती धावतच. चोळीखाली गवत टोचत होतं. आधी तिने धुराडं पाहिलं. धूर होता. मग दार पाहिलं. दारात आंब्योर होती.

"आहेत," आंब्योर ओरडून म्हणाली. "आहेत, आई. सकाळी अर्धी पेज घेतली. तुमच्या नावाने खडे फोडत बसलेत, अजून का नाही आली म्हणून."

गीरी उंबऱ्यावर मटकन बसली आणि श्वास घेत राहिली. मग तिच्या नाकात वास शिरला. पिंप चुलीपाशी होतं, त्यावर झाकण होतं आणि कडेने वाफ येत होती. पहिली बियर सुनेने डुकरांना घातली होती, पिंप उकळत्या पाण्याने धुतलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या गोणीचा काढा करून ठेवला होता. गीरी परत येणार, विरजण घेऊनच येणार, आनफिन तोवर थांबणार, हे सगळं तिने धरून चाललं होतं.

गीरी उठली. बाही वर सारली. मग तिने ती पुन्हा खाली ओढली.

"तू घाल कोपर."

आंब्योरने कोपर घातलं. दहापर्यंत मोजलं. "झालंय," ती म्हणाली.

गीरीने चोळीतून गवताचं कडं काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. "सोड. आणि ओरड."

"मी? आई, ओरडायचा मान घरच्या..."

"ज्याचं विरजण, त्याने ओरडायचं. हे तुझं आहे. ओरड म्हणते ना!"

आंब्योरने कडं पिंपात सोडलं, डोळे घट्ट मिटले आणि एक बारीकशी किंकाळी मारली.

"कोंबडी ठेचकाळली का गं कुठे?" आतून आनफिन म्हणाला. "याला ओरडणं म्हणतात? या बियरवर चिमणीसुद्धा पुरता येणार नाही. बाजूला व्हा!" आणि खाटेवरून, रजईखालून, तीन महिन्यांच्या तापातून, त्याने अशी आरोळी ठोकली की पोराच्या हातातला चमचा खाली पडला. आरोळी अर्ध्यात तुटली आणि खोकला लागला. पण तोवर आंब्योर ओरडायला लागली होती, आता खरंच, पोटातून. गीरीही ओरडली. पोर हसायला लागलं. तळ्यावर एकही बदक उरलं नाही.

संध्याकाळच्या आत झाकण आपोआप हललं. गीरीने वाकून कान लावला. आत कुजबुज चालू होती.

दुसऱ्या दिवशी फेस वर आला तेव्हा आंब्योरने पणजीच्या वेळची लाकडी साखळी उकळून, पुसून त्यात बुडवली. कड्या वाळल्यावर ती घेऊन पोटमाळ्याच्या शिडीपाशी थांबली.

"कुठे टांगू?"

"तुला वाटेल तिथे," गीरी म्हणाली. आंब्योर साखळी घेऊन तळघरात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गीरीने लाकडी वाडगा भरला. हा वाडगा लग्नातला होता. ती खाटेवर बसली, आनफिनच्या मानेखाली हात घालून त्याला वर उचललं. किती हलका झाला होता तो! आदल्या दिवशी तापाची पाळी होती. ती आली होती, पण दुपारीच उतरली होती. याचा अर्थ काय, हे विचारायचं धाडस दोघी करत नव्हत्या. आंब्योर दाराला धरून उभी राहिली.

आनफिनने एक घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. डोळे मिटले.

"पातळ आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पातळ. पाण्यासारखी. हे काय मयताला द्यायचं पेय आहे?"

"अरे, अर्धी गोणच होती! पहिली गोण वाया..."

"ते मला नको सांगू. टेलेमार्कची माणसं येणार म्हणालीस ना? तीस-तीस मैलांवरून? त्यांच्यासमोर हे ठेवणार? जन्मभर सांगत फिरतील, वॉसचा आनफिन गेला आणि मयताला ताकवणी वाढली." त्याने दुसरा घोट घेतला, मोठा. मिशीवरचा फेस जिभेने पुसला. "या बियरवर मी जायचो नाही. नीट कर. ख्रिसमसला कर."

"तोवर थांबशील?" गीरीने विचारलं.

"न थांबून सांगतो कुणाला?" आनफिन म्हणाला आणि वाडगा पुन्हा पुढे केला. "भर. पातळ आहे, पण ओल्या गवतापेक्षा बरी."

"मरतानासुद्धा नखरे!" गीरी म्हणाली. "एकेचाळीस वर्षं, एक गोष्ट म्हणून पसंत पडली नाही या माणसाला." तिने वाडगा आंब्योरच्या हातात कोंबला आणि भराभरा बाहेर गेली.

आंब्योर वाडगा भरून देऊन तिच्यामागे गेली तेव्हा गीरी कोठारात गुडघे टेकून बसली होती. समोर एकच गोण होती, लाल दोऱ्याने तोंड शिवलेली. गीरी दाताने दोरा तोडत होती.

"आई, ते बियाणं आहे," आंब्योर म्हणाली. "वसंतात पेरायचे जव आहेत ते."

"ठाऊक आहे."

"मोड आणायला आत्ता भिजत घातले तर पेरायला काय उरेल?"

गीरीने गोण उचलून पाण्याच्या काहिलीत पालथी केली. जव सळसळत पाण्यात गेले, काही वर तरंगले. तिने दोन्ही हातांनी ते खाली दाबले.

"आस्लाउगकडून आणू," ती म्हणाली. "मागायला मी जाईन."